प्रवेशपरीक्षेसाठी प्रगत इंग्रजी शब्दसंपदा : नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

बारावीच्या वर्षी इंग्रजी शब्दसंग्रहाची तयारी करायची म्हणजे अवघड शब्दांची एखादी यादी मिळवायची आणि प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ लिहून ती घोकत राहायची, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. या पद्धतीने तयारी केलेला विद्यार्थी परीक्षेत कुठे अडतो, ते एका साध्या उदाहरणावरून दिसते. ‘मिटिगेट’, ‘ॲलेव्हिएट’, ‘क्वेल’ आणि ‘अबेट’ या चारही शब्दांपुढे त्याच्या वहीत ‘कमी करणे, शमवणे’ असाच अर्थ लिहिलेला असतो. प्रश्नपत्रिकेत मात्र हेच चार शब्द एका रिकाम्या जागेचे चार पर्याय म्हणून येतात आणि वाक्य दंगल आटोक्यात आणण्याविषयी असते. चारही शब्द पाठ असूनही ‘क्वेल’ हेच उत्तर का, हे त्याला सांगता येत नाही, कारण शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने वावरतो ही माहिती त्याने कधी नोंदवलेलीच नसते. पुढे सांगितलेली पद्धत ही उणीव भरून काढण्यासाठी आहे. राज्य मंडळाच्या, मराठी किंवा सेमी इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून ती लिहिली असली, तरी इतरांनाही ती वापरता येईल.

परीक्षा नेमके काय विचारते

तयारीला लागण्यापूर्वी आपल्या परीक्षेचे स्वरूप नीट समजून घ्यावे, कारण ‘इंग्रजी’ या एकाच नावाखाली प्रत्येक परीक्षा वेगळे काहीतरी तपासत असते. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सुरू झालेल्या सीयूईटीमध्ये उताऱ्यांसोबतच समानार्थी व विरुद्धार्थी शब्द, योग्य शब्दाची निवड आणि वाक्यांची पुनर्रचना असे प्रश्न असतात. २०२५ पासून या भाषेच्या पेपरात ५० प्रश्न आणि ६० मिनिटे आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅटमध्ये २०२० पासून सगळे प्रश्न उताऱ्यांवर आधारलेले आहेत. तेथे एकूण १२० प्रश्नांपैकी साधारण पाचवा हिस्सा इंग्रजीचा असतो आणि सुमारे ४५० शब्दांच्या उताऱ्यातील एखाद्या शब्दाचा त्या जागी कोणता अर्थ होतो, हे विचारले जाते. वारंग्याच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांनी हा फरक विशेष लक्षात घ्यावा. आयआयएम इंदूरच्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमासाठीच्या आयपीमॅटमध्ये भाषेसाठी ४० मिनिटांचा स्वतंत्र विभाग असतो आणि त्यात सुट्या शब्दांवरचे प्रश्नही येतात.

म्हणजे सीयूईटी आणि आयपीमॅट देणाऱ्याला शब्दांची रुंदी जास्त लागते, तर क्लॅट देणाऱ्याला खोली जास्त लागते. दोन्ही परीक्षा देणार असाल, तर खोलीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नीट शिकलेले हजार शब्द हाताशी असले, की पुढचे हजार शब्द जोडायला वेळ लागत नाही, पण अर्धवट पाठ केलेल्या तीन हजार शब्दांना नंतर खोली आणणे फार कष्टाचे होते. परीक्षेचे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीचे अधिकृत माहितीपत्रक एकदा तरी स्वतः वाचावे.

कोणते शब्द आधी

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक याद्या वर्णानुक्रमे असतात आणि त्यातला पहिला अवघड शब्द बहुधा असा असतो, जो वर्षभरात कोणत्याही उताऱ्यात भेटत नाही. यापेक्षा वारंवारतेचा निकष शहाणपणाचा आहे. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ‘अकॅडमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या विद्याशाखांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येणारी ५७० शब्दकुले त्यांनी वेचून काढली आणि अशा अभ्यासपर लेखनातील सुमारे दहा टक्के शब्द या एवढ्याशा यादीत सामावतात, असे त्यांना आढळले. शब्दकूल म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे, जसे ‘डिराइव्ह’, ‘डेरिव्हेशन’, ‘डेरिव्हेटिव्ह’. ही यादी इंटरनेटवर विनामूल्य मिळते.

‘अँबिग्युअस’, ‘कोहिरंट’, ‘आर्बिट्ररी’, ‘इन्हेरंट’, ‘कन्स्ट्रेन’ हे या यादीतले शब्द. ते भारदस्त वाटत नाहीत, म्हणून विद्यार्थी त्यांच्यावरून घाईने पुढे जातात, पण उताऱ्याचे मर्म ज्या वाक्यात असते त्या वाक्यात बहुतेक वेळा यांपैकीच एखादा शब्द असतो. पहिले दोन-अडीच महिने याच यादीला द्यावेत. रोज आठ शब्दकुले घेतली, तर ५७० कुले सुमारे ७२ दिवसांत पूर्ण होतात, आणि बरीचशी आधीच ओळखीची निघतात म्हणून प्रत्यक्षात काम त्याहून लवकर आटोपते. त्यानंतरचे शब्द यादीतून घेण्याऐवजी स्वतःच्या वाचनातून आणि मागील प्रश्नपत्रिकांतून गोळा करावेत.

शब्दाची नोंद कशी करावी

या भागावर मी सर्वाधिक भर देईन, कारण पुढची सगळी उजळणी या नोंदीच्या दर्जावर अवलंबून असते. वहीऐवजी पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची कोरी कार्डे वापरावीत, म्हणजे शब्दांचा क्रम बदलता येतो. वहीत शब्द ठरलेल्या क्रमाने डोळ्यांसमोर येत राहतात, आणि मग शब्द आठवला की पानावरची त्याची जागा आठवली, हे आपले आपल्यालाच कळेनासे होते.

कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहावे आणि शब्दाच्या जागी रेघ ओढावी. मागच्या बाजूला पाच गोष्टी याव्यात. पहिली, शब्द आणि त्याचे अचूक इंग्रजी स्पेलिंग. दुसरी, सोप्या इंग्रजीतला अर्थ; त्यासाठी परभाषक विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली लर्नर्स डिक्शनरी घ्यावी, कारण अशा शब्दकोशांत अर्थ दोन-तीन हजार सोप्या शब्दांतच सांगितलेला असतो. तिसरी, शब्दाचा भाव: तो कौतुकाचा आहे, निंदेचा आहे की तटस्थ आहे, हे अधिक, उणे किंवा शून्य या खुणेने दाखवावे. चौथी, त्याची सोबत, म्हणजे तो कोणत्या नामांबरोबर किंवा शब्दयोगींबरोबर येतो. पाचवी, स्वतःच्या अनुभवातले एक वाक्य, जे आपणच रचलेले असावे. मराठी अर्थ लिहायला माझी हरकत नाही, पण तो सर्वांत शेवटी आणि लहान अक्षरांत लिहावा.

भावाची खूण का हवी, हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘काटकसरी’, ‘हात आखडता घेणारा’, ‘कंजूष’ आणि ‘कवडीचुंबक’ हे चारही शब्द पैसे कमी खर्च करणाऱ्यालाच लागू पडतात, तरीही आपल्या आजोबांविषयी आदराने बोलताना आपण त्यांतला पहिलाच शब्द निवडतो. इंग्रजीतही ‘थ्रिफ्टी’ आणि ‘फ्रूगल’ हे कौतुकाकडे झुकतात, तर ‘पार्सिमोनियस’ आणि ‘मायझर्ली’ हे निंदेकडे. लेखकाचा दृष्टिकोन कोणता, असा प्रश्न उताऱ्याखाली येतो, तेव्हा उत्तर बहुतेक वेळा अशाच एका शब्दाच्या भावावर ठरते.

सोबतीचे महत्त्व सुरुवातीच्या चार शब्दांतच दिसते. ‘मिटिगेट’च्या मागे जोखीम, नुकसान किंवा परिणाम येतो. ‘ॲलेव्हिएट’च्या मागे वेदना, दारिद्र्य किंवा हाल येतात. ‘क्वेल’ दंगल, बंड किंवा भीती यांच्यासाठी वापरतात. ‘अबेट’ मात्र बहुधा आपोआप ओसरणाऱ्या गोष्टींविषयी येतो, जसे वादळ, ताप किंवा ऊन. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीनंतर नागपूरचे ऊन ‘अबेट’ होते, पण कोणी त्याला ‘क्वेल’ करत नाही. या चार शब्दांची चार कार्डे करून ती एकत्र बांधावीत आणि उजळणीत नेहमी एकत्रच काढावीत. असे जवळच्या अर्थांच्या शब्दांचे गठ्ठे साठ-सत्तर झाले, तरी विरुद्धार्थी-समानार्थी प्रश्नांचा मोठा भाग आवाक्यात येतो. एक सावधगिरी मात्र हवी: पूर्णपणे नवे, सारख्या अर्थाचे चार शब्द एकाच दिवशी शिकू नयेत, कारण ते एकमेकांत मिसळतात. दोन ओळखीचे झाल्यावर तिसरा जोडावा.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

अपरिचित शब्दाने विद्यार्थी निदान सावध तरी होतो, पण परिचित शब्द त्याला बेसावध गाठतो, आणि माझ्या मते या परीक्षांत हातचे गुण इथेच सर्वाधिक जातात. ‘क्वालिफाइड सपोर्ट’ म्हणजे पात्र माणसाचा पाठिंबा नव्हे, तर अटी घालून दिलेला पाठिंबा. ‘अरेस्ट’ घसरणीलाही करता येते, म्हणजे घसरण थांबवता येते. ‘टेंपर’ क्रियापद म्हणून आले, तर तीव्रता सौम्य करणे असा अर्थ होतो. ‘चँपियन’ क्रियापद झाले, की एखाद्या भूमिकेचा हिरिरीने पुरस्कार करणे. ‘नॉव्हेल’ विशेषण असेल तर नवीन, ‘फ्लॅग’ क्रियापद असेल तर काही वेळा उत्साह मंदावणे, ‘वॉरंट’ क्रियापद असेल तर समर्थनीय ठरणे. ‘सँक्शन’ तर मंजुरीलाही म्हणतात आणि निर्बंधालाही, आणि दोन्हींतला कोणता अर्थ घ्यायचा ते वाक्यावरूनच ठरवावे लागते.

असे शब्द कोणत्याही अवघड शब्दांच्या यादीत नसतात, कारण यादी करणाऱ्यालाही ते सोपे वाटतात. ते वर्तमानपत्रात मिळतात, आणि या बाबतीत नागपूरच्या विद्यार्थ्याला एक सोय घरबसल्या उपलब्ध आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये सुरू झालेले ‘हितवाद’ हे इंग्रजी दैनिक आजही याच शहरातून निघते. मोठ्या राष्ट्रीय दैनिकांचे अग्रलेख उत्तम असतात यात वाद नाही, पण ज्या घटनेची माहिती आपल्याला आधीच मराठीतून झालेली आहे, तिची बातमी इंग्रजीत वाचताना शब्दांचा अर्थ संदर्भावरून लागतो, आणि तसा लागलेला अर्थ शब्दकोशात पाहिलेल्या अर्थापेक्षा अधिक टिकतो.

यासाठी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस फार मोलाचे आहेत. १९५३ च्या नागपूर करारानुसार दरवर्षी एक अधिवेशन येथे होते, आणि साधारण डिसेंबरात होणाऱ्या त्या दिवसांत शहरातील इंग्रजी बातम्यांची पाने ‘टेबल’, ‘अजर्न’, ‘एक्सपंज’, ‘सेन्शर’, ‘वॉकआउट’, ‘प्रोरोग’, ‘सायनी डाय’ अशा शब्दांनी भरलेली असतात. विधेयक ‘टेबल’ करणे म्हणजे आपल्याकडे ते सभागृहापुढे मांडणे, पण अमेरिकेत याच क्रियापदाने चर्चा पुढे ढकलण्याचा अर्थ होतो, ही गोष्ट परदेशी लेखकाचा उतारा आल्यास उपयोगी पडते. पेंच आणि ताडोबाच्या बातम्यांतून ‘एन्क्रोच’, ‘ट्रान्सलोकेट’, ‘कार्कस’, ‘पोचिंग’ हे शब्द मिळतील, तर संत्रा आणि कापसाच्या बातम्यांतून ‘ग्लट’, ‘ब्लाइट’, ‘यील्ड’, ‘प्रोक्युअरमेंट’. ‘यील्ड’चे उत्पादन आणि शरण जाणे असे दोन अर्थ एकाच पानावर सापडले, तर दोन्ही एकाच कार्डावर लिहावेत.

वाचनाची पद्धत अशी ठेवावी. रोज एक बातमी आणि आठवड्यातून तीन अग्रलेख. पहिल्या वाचनात शब्दकोशाला हात लावू नये, फक्त अडलेल्या शब्दांखाली रेघ ओढावी आणि समासात पेन्सिलीने अंदाजाने अर्थ लिहावा. दुसऱ्या वाचनात शब्दकोश उघडून अंदाज तपासावा. अडलेल्या सगळ्याच शब्दांची कार्डे करू नयेत. जो शब्द दोन वेगळ्या लेखांत भेटला, किंवा ज्याच्यामुळे संपूर्ण वाक्याचा अर्थ बदलला, त्याचेच कार्ड करावे. क्लॅट देणाऱ्यांनी याखेरीज सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असलेल्या एखाद्या निकालपत्राची दोन-तीन पाने आठवड्यातून एकदा वाचावीत. सुरुवातीला ती जड जातात, तरीही महिनाभराने वाक्यरचनेची सवय होते.

शब्दांची मुळे आणि संस्कृतचा आधार

इंग्रजीतील निम्म्याहून अधिक शब्द लॅटिन आणि फ्रेंचमधून आलेले आहेत आणि प्रगत शब्दांत तर त्यांचे प्रमाण आणखी जास्त आहे. त्यामुळे एक मूळ कळले, की अनेक शब्द उलगडतात. ‘स्पेक्’ म्हणजे पाहणे. चहूकडे पाहणारा तो ‘सर्कमस्पेक्ट’, म्हणजे सावध. मागे वळून पाहणे ते ‘रेट्रोस्पेक्ट’. आरपार पाहणारा तो ‘पर्स्पिकेशस’, म्हणजे मर्मज्ञ. दिसायला ठीक पण आतून खोटा तो युक्तिवाद ‘स्पेशस’. ‘ऑस्पिशस’ या शब्दाच्या मुळाशीही हेच पाहणे आहे, कारण रोमन लोक पक्ष्यांच्या उड्डाणावरून शुभाशुभ ठरवत असत. संस्कृतात ‘शकुन’ या शब्दाचाही एक अर्थ पक्षी असा आहे, हे वाचून विद्यार्थ्यांना जो आनंद होतो तो शब्दाला कायमचे स्मरणात बसवतो. ‘लोक्’ किंवा ‘लोक्यु’ म्हणजे बोलणे. त्यातून ‘एलोक्वंट’ (वक्तृत्वपूर्ण), ‘लोक्वेशस’ (बडबड्या), ‘कलोक्विअल’ (बोलीभाषेतला) आणि ‘सर्कमलोक्युशन’ (आडवळणाने बोलणे) निघतात.

मराठी विद्यार्थ्याकडे या बाबतीत एक ठेवा आहे, जो शिकवणी वर्गांत क्वचितच वापरला जातो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच स्रोतातून निघाल्या असाव्यात, असे ब्रिटिश अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात मांडले होते, आणि पुढच्या भाषाशास्त्राने ते सिद्ध केले. या नात्यामुळे आपल्या रोजच्या तत्सम शब्दांचे भाऊबंद प्रगत इंग्रजीत सापडतात. ‘गुरु’ म्हणजे जड, आणि त्याचा लॅटिन भाऊ ‘ग्रॅव्हिस’. त्यावरून ‘ग्रॅव्हिटी’ आणि दुखणे किंवा भांडण आणखी जड करणारा ‘ॲग्रव्हेट’. ‘लघु’चा भाऊ ‘लेव्हिस’. त्यावरून हलकेपणाची थट्टा म्हणजे ‘लेव्हिटी’ आणि भार हलका करणे म्हणजे ‘ॲलेव्हिएट’. ‘तनु’ म्हणजे कृश. त्यावरून ‘टेन्युअस’ म्हणजे क्षीण, दुबळा, आणि ‘ॲटेन्युएट’ म्हणजे क्षीण करणे. ‘स्वप्न’चा भाऊ ‘सॉम्नस’; त्यावरून ‘सॉम्नोलंट’ (झोपाळलेला) आणि ‘इन्सॉम्निया’ (निद्रानाश). ‘वाचा’ आणि ‘व्होसिफरस’ (आरडाओरडा करणारा), ‘इक्विव्होकल’ (द्व्यर्थी). ‘ज्ञान’ आणि ‘कॉग्निझंट’ (जाणीव असलेला). ‘मृत’ आणि ‘मोरिबंड’ (मरणासन्न). ‘नाम’ आणि ‘ॲनॉनिमस’ (निनावी), ‘इग्नोमिनी’ (नाचक्की). शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी अशा जोड्यांची एक स्वतंत्र वही करावी. मात्र उच्चारातले साम्य म्हणजे नाते नव्हे. ‘लोक’ आणि ‘लोकल’ यांचा परस्पर संबंध नाही. म्हणून प्रत्येक जोडी व्युत्पत्ती देणाऱ्या शब्दकोशात पडताळूनच लिहावी.

मुळांवर आंधळा विश्वास ठेवणेही धोक्याचे आहे, आणि प्रश्न काढणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. ‘एनर्व्हेट’ हा शब्द उत्साह देण्यासारखा दिसतो, पण त्याचा अर्थ शक्ती काढून घेणे असा आहे. ‘रेस्टिव्ह’ म्हणजे शांत नव्हे, तर अस्वस्थ. ‘नॉइसम’चा आवाजाशी संबंध नाही, ते दुर्गंधीसाठी आहे. ‘मेरिट्रिशस’मध्ये गुणवत्ता नाही, वरवरचा भडक चकचकाट आहे. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे अमूल्य. अशा शब्दांची कार्डे लाल शाईने लिहावीत.

जे शब्द मुळांनी उलगडत नाहीत, त्यांच्यासाठी ध्वनीचा दुवा वापरावा. रिचर्ड ॲटकिन्सन आणि मायकेल रॉ या संशोधकांनी १९७५ मध्ये रशियन शब्द शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर ही पद्धत तपासली आणि ती उपयुक्त ठरली. नव्या शब्दासारखा ऐकू येणारा आपल्या भाषेतला शब्द शोधायचा आणि दोघांना जोडणारे चित्र मनात उभे करायचे, एवढीच ती युक्ती. ‘गॅरुलस’ म्हणजे बडबड्या. गर्दी जमवण्यासाठी अखंड बोलत राहणारा गारुडी डोळ्यांसमोर आणला, की शब्द विसरत नाही. दुवा स्वतः शोधलेला असावा आणि तो फक्त हट्टी शब्दांसाठी राखून ठेवावा, कारण प्रत्येक शब्दाला चित्र शोधत बसले तर वेळ फार जातो.

उजळणीचे वेळापत्रक

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की शिकलेले सर्वांत वेगाने सुटते ते सुरुवातीच्या काळात आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळण्या सुरुवातीला जवळजवळ आणि नंतर लांब अंतराने हव्यात. त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी, आठवड्याने, पंधरवड्याने आणि महिन्याने, असा क्रम पुरेसा आहे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात यासाठी पेटीची सोपी रीत सुचवली. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे घालून पाच कप्पे करावेत. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात जाते. अर्थ बरोबर आठवला, की ते पुढच्या कप्प्यात सरकते. चुकला, की कितीही पुढे गेलेले असले तरी पहिल्या कप्प्यात परत येते. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून एकदा, चौथा पंधरवड्याला आणि पाचवा महिन्याला तपासावा. संगणकावर किंवा अँड्रॉइड मोबाइलवर हेच काम ‘अँकी’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर करते. ते सोयीचे आहे, फक्त इतरांनी बनवलेले तयार संच उतरवून घेऊ नयेत, कारण कार्ड लिहिताना होणारा निम्मा अभ्यास त्यात बुडतो.

उजळणी म्हणजे कार्डाची मागची बाजू पुन्हा वाचणे नव्हे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले, परंतु आठवड्यानंतर ज्यांनी मजकूर न पाहता आठवण्याचा प्रयत्न केला होता, ते पुढे निघाले. म्हणून पुढची बाजू पाहून उत्तर मोठ्याने बोलावे आणि मगच कार्ड उलटावे. पाच-दहा सेकंद काहीच आठवत नाही ही अस्वस्थता सहन करावी, कारण स्मरण घट्ट होते ते त्या क्षणांतच.

वेळेची विभागणी सोपी आहे. सकाळी वीस मिनिटे नवी कार्डे, रात्री पंधरा मिनिटे उजळणी, आणि मधल्या सुट्या वेळात जे जमेल ते. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी किंवा लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर या मेट्रो मार्गांवर महाविद्यालयात किंवा शिकवणीला जाणाऱ्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या कप्प्यातली कार्डे खिशात ठेवावीत आणि सीताबर्डीला गाडी बदलेपर्यंत संपवावीत. मे महिन्यात, सीयूईटीच्या तोंडावर, दुपारच्या उन्हात डोके चालत नाही, तेव्हा ही सगळी कामे पहाटे आणि संध्याकाळी सरकवावीत. रोज आठ नवे शब्द, महिन्याला पंचवीस दिवस, असे धरले तर सहा महिन्यांत १२०० शब्द होतात. उजळणी साचू लागली, तर नवे शब्द थांबवावेत, उजळणी थांबवू नये.

उच्चार

शब्द ऐकून ओळखता आला, तर वाचतानाही तो लवकर ओळखू येतो. इंटरनेटवरील शब्दकोशांत उच्चार ऐकण्याची सोय असते, ती प्रत्येक कार्ड करताना वापरावी. ‘इपिटमी’ला एपिटोम, ‘हायपर्बली’ला हायपरबोल, ‘फसाड’ला फेकेड आणि ‘अराय’ला ऑरी म्हणण्याची सवय लागली, की पुढे मुलाखतीत आणि गटचर्चेत ती अडचणीची ठरते.

संदर्भावरून अर्थ आणि परीक्षागृहातील निर्णय

शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ च्या अभ्यासानुसार वर्तमानपत्र किंवा कादंबरी विनाअडथळा वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात. बारावीच्या वर्षात तेवढी सगळी जमवणे शक्य नाही, म्हणून उताऱ्यात अनोळखी शब्द येणारच, असे गृहीत धरून तयारी करावी. अशा वेळी वाक्याचा सांगाडा मदतीला येतो. ‘एरवी टॅसिटर्न असणारे न्यायाधीश त्या दिवशी तासभर बोलत राहिले’ या वाक्यात ‘एरवी’ या एका शब्दाने ‘टॅसिटर्न’चा अर्थ मितभाषी असा लागतो. इंग्रजीत हेच काम ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’, ‘हाउएव्हर’, ‘फार फ्रॉम’ हे विरोध दाखवणारे, ‘दॅट इज’ किंवा अपसारणचिन्ह (डॅश) हे स्पष्टीकरण देणारे आणि ‘सो दॅट’, ‘हेन्स’ हे कारण-परिणाम जोडणारे शब्द करतात. सरावात उताऱ्यातील असे शब्द आधी गोल करावेत. रिकाम्या जागेच्या प्रश्नात पर्याय हाताने झाकून आधी स्वतःचा शब्द, हवा तर मराठीत, ठरवावा. नंतर त्याचा भाव अधिक की उणे ते पाहावे आणि मगच पर्याय उघडावेत. भाव जुळत नसलेले पर्याय लगेच गळतात.

उत्तर निश्चित नसेल तर काय करावे, हे भावनेवर सोडू नये, गणितावर सोडावे. सीयूईटीत बरोबर उत्तराला ५ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. चारांपैकी एकही पर्याय न गाळता टाकलेल्या अंदाजातून सरासरी अर्धा गुण हाती येतो, तर एक पर्याय गाळता आला की ही सरासरी १ गुणावर जाते. क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला १ आणि चुकीला पाव गुण वजा असल्याने निव्वळ अंदाजातून सरासरी ०.०६ गुणच मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. एक पर्याय गाळल्यावर तो ०.१७ च्या आसपास आणि दोन गाळल्यावर ०.३८ च्या आसपास जातो. त्यामुळे सीयूईटीत शब्दांचा प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही, आणि क्लॅटमध्ये निदान एक पर्याय खात्रीने गळत असेल तरच उत्तर नोंदवावे.

शेवटच्या पंधरवड्यात नवी कार्डे करणे बंद करावे. सराव परीक्षेत चुकलेल्या शब्दांपुढे चुकीचे कारण लिहावे: शब्दच माहीत नव्हता, भाव चुकला, सोबत चुकली, की प्रश्न घाईत वाचला. पहिले कारण या टप्प्यावर दुरुस्त होत नाही, पण उरलेली तीन होतात, आणि त्या तीन प्रकारांतली कार्डे तेवढी बाजूला काढून परीक्षेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत रोज एकदा चाळावीत.